घरच्या घरी स्क्रॅपबुक: कमी खर्चात, पण टिकेल असं कसं करायचं?

खानापूर_पावसाळी

नमस्कार मंडळी. आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत, त्यासाठी स्क्रॅपबुक करायचं आहे. फोटो साधारण 60. त्यात 12-15 जुने, बाकी मोबाईलमधले. प्रिंटचा खर्च सोडून 600 रुपयांत बसवायचंय. बेळगावात तयार स्क्रॅपबुक बघितली. काळी पानं पातळ, वर स्टिकरची पाकिटं वेगळी घ्यायची, म्हणजे पैसे नुसत्या सजावटीतच संपणार.

घरात आहे ते असं: लग्नपत्रिकांचा गठ्ठा, खणाचा एक ब्लाऊजपीस, शहापूरच्या साडीचे जुने काठ, रांगोळीचे छाप, फेविकॉल, वर्तमानपत्राची दोन-तीन कात्रणं आणि गोकाक, सौंदत्तीच्या बसची तिकिटं.

कागद कुठला आणि किती घ्यायचा? पानं वाकडी होऊ नयेत म्हणून चिकटवायचं कशानं? आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, बुरशीचं काय करायचं? मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहायचा आहे, कारण वहिनीच्या माहेरची माणसंही बघणार.

---

पुठ्ठा_आणि_दोरा

आधी माप ठरवा, पैसे तिथेच वाचतात. इंटरनेटवर सगळे 12 बाय 12 इंचाचं पान सांगतात. आपल्याकडे कार्डशीट मिळतं 22 बाय 28 इंचाचं. त्यातून 12 बाय 12 ची दोनच पानं निघतात आणि निम्म्याहून जास्त शीट कचऱ्यात जातं. त्याऐवजी 11 बाय 7 इंचाचं आडवं पान धरा. 28 ला सातनं भाग जातो चार, 22 ला अकरानं दोन, म्हणजे आठ पानं आणि कपटाही वाया नाही. दोन शीटची 16 पानं, 32 बाजू. 60 फोटोंना पुरून उरतात.

खडे बाजार किंवा गणपत गल्लीकडच्या स्टेशनरीत 'आयव्हरी' किंवा पांढरं कार्डशीट, 250 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) आसपासचं मागा. शाळेच्या प्रोजेक्टसाठी देतात ते रंगीत पातळ शीट घेऊ नका. त्याला फोटोचं वजन झेपत नाही, आणि गडद रंग ओल्या गोंदानं सुटून फोटोच्या कडेला लागतो. शीट दुकानदाराकडून किंवा प्रेसमधून कटिंग मशीनवरच कापून घ्या. घरी कात्रीनं 16 पानं एकसारखी होत नाहीत.

कापायच्या आधी एक गोष्ट तपासा. शीट हातात धरून एकदा लांबीकडून आणि एकदा रुंदीकडून हलकं वाकवा. एका बाजूनं ते सहज वळतं, दुसरीकडून अडतं. सहज वळताना जी घडी पडेल तिच्या दिशेनं कागदाचा धागा असतो. हा धागा पानाच्या 7 इंची, म्हणजे बांधणीच्या बाजूला समांतर हवा. उलटा आला तर पान उघडताना ताठ राहतं आणि दमट हवेत कडा लाटेसारख्या होतात. शीटचा धागा 28 इंचाच्या दिशेनं असेल तर वर सांगितलेलं कटिंग बरोबर येतं. 22 च्या दिशेनं असेल तर 22 मधून तीन सात आणि 28 मधून दोन अकरा काढा. पानं सहाच मिळतील, तीन शीट लागतील, पण दोन पानांचं नुकसान पुढच्या कटकटीपेक्षा बरं.

आता बांधणी. फोटो लावल्यावर अल्बम तोंडाकडून फुगतो आणि कव्हर मिटत नाही, कारण जाडी फक्त पानाच्या मधल्या भागात वाढते, बांधणीकडे नाही. तिथेही जाडी द्यायला हवी. त्याच कार्डच्या 1 बाय 7 इंचाच्या पट्ट्या कापा आणि प्रत्येक पानाच्या बांधणीच्या कडेला एक चिकटवा. पानाच्या दोन्ही बाजूंना फोटो असतील तर दोन पट्ट्या. एका शीटमधून अशा 88 निघतात, तुम्हाला जास्तीत जास्त 32 लागतील. उरलेल्या शीटमधून खिसे आणि फोटोखालचे कागद काढा.

पट्टीपासून 2 मिलिमीटर सोडून, म्हणजे कडेपासून 27 मिलिमीटरवर, स्टीलची पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेननं दाबून रेघ ओढा. पान तिथून वळतं. रेघ न मारता वळवलं तर कार्डला तडा जातो.

भोकं ऑफिसच्या साध्या दोन-भोकी पंचनं पडतात. दोन भोकांमधलं अंतर 80 मिलिमीटर, कडेपासून 12. पट्टी 25 मिलिमीटरची असल्यामुळे भोक बरोबर तिच्या मध्ये येतं. एका वेळी एकच पान, पट्टीसकट. चार-पाच एकदम घातली की भोकं तिरकी होतात. कव्हरच्या पुठ्ठ्याला मात्र हा पंच चालत नाही. त्याची भोकं चांभाराच्या पंचनं नाहीतर ड्रिलनं पाडायची. बांधायला बुटाची चपटी लेस घ्या. पुढे पानं वाढवायची झाली तरी सोडता येते.

---

टिळकवाडी_फोटो

छपाईचं मी सांगतो. खर्च धरला नाहीत म्हणालात, पण खरी बचत तिथेच आहे.

बहुतेक मोबाईलचा फोटो 4:3 प्रमाणात असतो आणि लॅबची 4 बाय 6 ची प्रिंट 3:2. तसाच दिला की लॅब रुंदीतून सुमारे अर्धा इंच छाटते, आणि ग्रुप फोटोत नेमकं कडेच्या काकूंचं डोकं जातं. लॅबला 'फुल इमेज, पांढऱ्या पट्टीसह' असं सांगा. फोटो 4 बाय 5.33 इंच येतो आणि उरलेल्या सुमारे पाऊण इंचात गाव आणि साल लिहिता येतं. पट्टी एकाच बाजूला हवी असेल तर मोबाईलमध्येच 1200 बाय 1800 पिक्सेलचं कोरं पान घेऊन त्यावर फोटो एका टोकाला सरकवा. तेच 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, 4 बाय 6 होतं.

दुसरं म्हणजे सगळे फोटो मोठे लागत नाहीत. त्याच 1200 बाय 1800 च्या पानावर 600 बाय 900 चे चार फोटो बसवा. एका प्रिंटच्या पैशात 2 बाय 3 इंचाचे चार. लॅबचं मशीन कडेनं थोडं खातं, म्हणून चेहरे कडेपासून 3 मिलिमीटर तरी आत ठेवा. 45 फोटोंपैकी 20 मोठे केले आणि 25 छोटे, तर प्रिंट लागतात 27.

जुने फोटो मूळ स्वरूपात चिकटवू नका. 600 डीपीआयला स्कॅन करा आणि प्रिंट लावा. मूळ फोटो जर त्या जुन्या चिकट पानांच्या, वर प्लास्टिक ओढायच्या अल्बममध्ये असतील तर ओढून काढू नका. दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळू फिरवा. तरी निघत नसेल तर पानासकटच स्कॅन करा.

घरच्या इंकजेटवर प्रिंट काढणार असाल तर लक्षात ठेवा, बहुतेकांची शाई पाण्यानं पसरते. खानापूरच्या जुलैत नुसता ओला हात लागला तरी पुरे. कलर झेरॉक्स पाण्याला टिकते, पण घडीवर तिची पावडर सुटते, म्हणून घडी येईल तिथे लावायची नाही. फोटोला लॅबची प्रिंटच बरी.

---

खळ_की_फेविकॉल

चिकटवण्याबद्दल. फेविकॉल वाईट नाही, त्यातलं पाणी वाईट. कागद पाणी पिऊन फुगतो, वाळताना आकसतो आणि पानाला लाटा येतात. म्हणून पानावर फेविकॉल शक्यतो नकोच. कागदावर कागद लावायला ग्लू स्टिक, फोटोला 12 मिलिमीटरचा दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप. फोटोच्या चारही कडांना पूर्ण पट्टी लावायची गरज नाही. दोन छोट्या बाजूंना एकेक पट्टी पुरते, टेप निम्म्याहून जास्त वाचतो.

फोटो परत काढता यावेत असं वाटत असेल तर कागदाचे कोपरे करा. दीड सेंटिमीटर रुंद, साडेचार सेंटिमीटर लांब पट्टी घ्या. मध्यावरून दोन्ही बाजू खाली दुमडा, वर टोकदार त्रिकोण होतो. जोडाची बाजू खाली, सलग बाजू वर. गोंद फक्त खाली, तोही बेताचा. जास्त झाला तर फटीतून येऊन फोटोच चिकटतो आणि सगळी मेहनत फुकट. चारही कोपरे लावत बसू नका. कर्णाच्या दोन टोकांना दोन लावले तरी 4 बाय 6 चा फोटो नीट बसतो.

मैद्याची खळ कव्हरसाठी उत्तम. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, एकूण पाणी एक वाटी, मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचं. पारदर्शक, दाटसर झाली की उतरवा आणि गाळून घ्या. ती लगेच धरत नाही, त्यामुळे कापड सरकवून बसवायला वेळ मिळतो. जुने बाइंडर त्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत. घरच्या अल्बमला तो घालू नका. मोरचूद विषारी आहे, आणि त्यातलं तांबं कागद लवकर खराब करतं. ताजी खळ त्याच दिवशी संपवा. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी तिला आंबूस वास येतो.

---

पुठ्ठा_आणि_दोरा

खळ ऑक्टोबरनंतर. पावसात खळ लावलेलं कव्हर चार-चार दिवस ओलं राहतं आणि आतून बुरशी धरतं. आत्ता करणार असाल तर कव्हरला फेविकॉलच, थोडं पाणी घालून, ब्रशनं पातळ.

---

खळ_की_फेविकॉल

मान्य. पण खणावर थेट फेविकॉल लावला तर तो विणीतून वर येतो आणि चकचकीत डाग पडतात. आधी कापडाला अस्तर हवं.

---

शहापूरची_सुई

अस्तराला सोपा उपाय टेलरिंग मटेरियलच्या दुकानात आहे: पेपर फ्यूजिंग. कॉलरचं जाड बकरम नव्हे, पातळ फ्यूजिंग मागा. अर्धा मीटर पुरे. खण उलटा ठेवा, फ्यूजिंगची खरखरीत बाजू कापडावर, वर सुती फडकं, आणि मध्यम गरम इस्त्री एका जागी 10 ते 15 सेकंद दाबून उचला. पुढे ढकलायची नाही, उचलून पुढे ठेवायची. सरकवली की फुगे येतात. त्याआधी ओल्या पांढऱ्या कापसानं खणाचा कोपरा चोळून बघा. रंग सुटत असेल तर ते कापड आतल्या पानांना लागू देऊ नका.

कव्हरचं माप 11 बाय 7 च्या पानाला असं येतं. 2 मिलिमीटरचा बाइंडिंग पुठ्ठा, उंची 184 मिलिमीटर. बांधणीकडे 25 मिलिमीटरची वेगळी पट्टी, मग 6 मिलिमीटर मोकळी फट, मग 252 चा मुख्य तुकडा. फट म्हणजेच बिजागरी. ती कमी ठेवली तर कव्हर उघडत नाही. कापड 323 बाय 224, म्हणजे चारी बाजूंनी 20 मिलिमीटर दुमडायला. कोपरा तिरका कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून 3 मिलिमीटर सोडा. टोकाला लागून कापलं तर पुठ्ठा उघडा पडतो. असे दोन नग करायचे, एका ब्लाऊजपीसमध्ये दोन्ही बसतात. खणावरची नक्षी सरळ धरूनच कापा. तिरकी गेली तर कितीही नीट चिकटवलं तरी कव्हर वाकडंच दिसतं.

कापड लावल्यावर पुठ्ठा कापडाच्या बाजूला वाकतो. घाबरू नका, आतून कागद लावला की ताण दोन्हीकडून सारखा होतो. मग प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये घालून वर पाटा ठेवा, रात्रभर.

साडीच्या काठांचं सांगते. कापायच्या रेषेवर आधी फेविकॉलचं बोट फिरवा, वाळू द्या, मग कापा. धागे निसटत नाहीत. जरीची किनार कव्हरवर किंवा मजकुराच्या पानावर चालते. फोटोला टेकेल अशी नको. खोट्या जरीत तांब्याची तार असते, ती दमट हवेत काळी पडते आणि समोरच्या पानावर छाप उठतो. बाकी झिगझॅग कात्री विकत घेऊ नका. ओळखीच्या टेलरकडे असते, कागद मात्र तिनं कापू देणार नाही, धार जाते.

---

पत्रिका_जपणारी

लग्नपत्रिकांमध्ये खरा खजिना आहे. बाहेरचं जाड कार्ड टॅग आणि खिशांना, उठावाचे गणपती-कलश अलगद कापून शीर्षकाला, पाकिटाच्या आतला सोनेरी कागद फोटोमागची कड म्हणून. फोटोपेक्षा 4-5 मिलिमीटर मोठा तुकडा घ्या, त्याहून मोठी कड भडक दिसते. सोनेरी पावडर बोटाला लागत असेल तर ती पत्रिका बाजूला ठेवा. मखमली पत्रिका दिसायला छान, पण एका पानालाच तीन पानांची जाडी देतात.

छापील नावं उलट बाजूनं दिसत असतील तर तो तुकडा गडद कागदावर लावा. पांढऱ्यावर लावला की अक्षरं वर दिसतात. आणि एका उघड्या जोडपानावर तीनपेक्षा जास्त पत्रिकांचे तुकडे नकोत. नाहीतर पान लग्नसराईच्या रुखवतासारखं होतं, फोटो शोधावा लागतो.

स्टिकरऐवजी ठसे. भेंडी आडवी कापली की फुलासारखा ठसा मिळतो. कापल्यावर दहा-पंधरा मिनिटं कागदावर पालथी ठेवा. तिचा चिकट रस रंगात मिसळला तर कडा पसरतात. पोस्टर कलर दह्याइतका दाट हवा. रांगोळीच्या छापातून रंग द्यायचा तर स्पंज जवळजवळ कोरडा हवा. आधी रद्दीवर टिपा, मग छापावर वरून ठोका. घासलं की रंग छापाखाली जातो.

पिंपळाचं जाळीदार पान करायचं असेल तर पिकलेली, न फाटलेली पानं पाण्यात दोन-तीन आठवडे भिजत ठेवा, पाणी अधूनमधून बदला. गर सुटला की मऊ टूथब्रशनं थापटून काढा. घाई असेल तर लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून तास-दीड तास मंद उकळा, हातमोजे घालून. सोडा राहिला तर पान पिवळं पडून ठिसूळ होतं, म्हणून चार पाण्यांतून धुवा. फुलांमध्ये बोगनवेल चांगली दाबली जाते. जास्वंदीत पाणी फार, ती काळी पडते.

चहाच्या पाण्यानं कागद जुना करायची हौस बऱ्याच जणांना असते. टॅगपुरती ठीक आहे. चहा आम्ल आहे, फोटोला टेकू देऊ नका.

---

खानापूर_पावसाळी

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. फ्यूजिंग आणून एका कोपऱ्यावर करून बघितलं. दोन ठिकाणी फुगे आहेत, इस्त्री सरकवली नव्हती. आणि तिकिटं-कात्रणांचं राहिलंच की.

---

शहापूरची_सुई

खण आधी धुतला होता का? नसेल तर त्यातली कांजी फ्यूजिंगला धरू देत नाही, किंवा गरम होताना कापड आकसतं. एकदा साध्या पाण्यातून काढा, पूर्ण वाळवा, इस्त्री करून मग लावा. तयार तुकड्यावर फुगा असेल तर सुती फडकं किंचित ओलं करून वर ठेवा आणि पुन्हा दाबा, बहुतेक बसतो. ब्लाऊजपीस पॉलिस्टरचा असेल तर इस्त्री कमी गरम आणि दाब थोडा जास्त वेळ.

---

टिळकवाडी_फोटो

बसची मशीनमधून निघालेली तिकिटं थर्मल कागदाची असतात. अक्षरं आपोआप उडतात, चिकटपट्टीखाली तर आणखी लवकर. आजच झेरॉक्स काढा आणि झेरॉक्सच लावा. लॅमिनेशनला देऊ नका, गरम रोलरमधून तिकीट काळंठिक्कर होऊन बाहेर येतं.

वर्तमानपत्राचा कागद स्वतः पिवळा होतो आणि शेजारच्या पानालाही पिवळा करतो. कात्रणाचीही झेरॉक्स, चांगल्या पांढऱ्या कागदावर. जुना पिवळेपणा झेरॉक्समध्ये करडा येत असेल तर मशीनवर 'लाइट' एक पायरी वाढवायला सांगा. मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवा.

---

पत्रिका_जपणारी

दोन लिप्यांबद्दल. मराठी अक्षर वरच्या रेषेला लटकतं, कन्नड खालच्या रेषेवर बसतं आणि त्याचे ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातले खाली लिहायचे भाग, आणखी खाली उतरतात. म्हणून एकच पेन्सिलरेघ दोघांना चालत नाही. मराठी ओळीला वर रेघ आखा, कन्नडला खाली, आणि दोन ओळींत 8 ऐवजी 10-11 मिलिमीटर सोडा. मराठी वर, कन्नड खाली असा क्रम सगळीकडे एकच ठेवा. पेन पिगमेंट शाईचं, 0.5 चं. जेल पेन चकचकीत कागदावर वाळत नाही. कन्नड मजकूर वहिनींकडूनच लिहून घ्या की, अक्षरही त्यांचं राहील.

---

पुठ्ठा_आणि_दोरा

पावसाचं कुणी पुरतं सांगितलं नाही. फोटो फोटोला समोरासमोर आले की दमट हवेत त्यांचे चकचकीत थर एकमेकांना धरतात, आणि मग सोडवताना चेहऱ्याची साल निघते. प्रत्येक दोन पानांमध्ये स्वयंपाकघरातला बटर पेपर घाला, 10 बाय 7 इंचाचा, लेसच्या बाजूला फक्त टेपच्या एका थेंबाएवढ्या तुकड्यानं धरलेला. कव्हर आणि पानं पूर्ण वाळली का ते गालाला लावून बघा. गार लागलं तर अजून ओलावा आहे, बांधू नका.

ठेवायचं आडवं, लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला लागून नाही. उभं ठेवलं तर लेसच्या बांधणीवर ताण येऊन पानं खाली झुकतात. आत सिलिका जेलची 50 ग्रॅमची पिशवी ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये 110-120 अंशाला दोन तास वाळवून परत वापरता येतं. डांबरगोळ्या अल्बमच्या वर ठेवू नका, प्लास्टिकला आणि फोटोला चिकटतात. दिवाळीच्या सुमारास एकदा काढून पंख्याखाली पानं उलटी-सुलटी करा. उन्हात नाही.

पांढरी भुकटी दिसली तर मऊ कोरड्या ब्रशनं घराबाहेर झटका, तोंडाला रुमाल बांधून. ओल्या फडक्यानं पुसलं तर ती बुरशी पानभर पसरते.